गोड्याचा आवाज

४ ऑक्टोबर, सोमवार

चष्म्यातला आवाज बदलायचं ठरलं. बरं झालं!

नीट लिहून ठेवतो, म्हणजे माझं मलाच समजेल. चष्मा म्हणजे डोळ्यांवर बांधायचा तो काळा डबा. आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात सगळे त्याला चष्माच म्हणतात. तो लावला की पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या बारमध्ये जातो. बार अगदी खरा वाटतो — टेबल, भरलेला ग्लास, मागे गाणं, शेजारी एक मित्र. मित्र आग्रह करतो. पेशंटने मोठ्याने ‘नको’ म्हणायचं आणि हाताने ग्लास बाजूला सारायचा. मग पुन्हा तेच. पुन्हा तेच. ग्लास समोर असूनही काही होत नाही, हे मनाला असं सवयीने शिकवायचं, असं मॅडम म्हणतात. मॅडम म्हणजे आमच्या समुपदेशक. माझं काम चष्मे चार्ज करणं, पुसणं, बिघडले तर उघडून बघणं. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून इथे आलो त्याला फार दिवस झाले नाहीत.

तर तो मित्र. कंपनीने भरून दिलेला मित्र बातम्या दिल्यासारखा बोलतो — ‘मित्रा, आपण थोडे मद्य घ्यावे.’ आज मास्तर (निवृत्त शिक्षक, आमचे सगळ्यांत जुने पेशंट) चष्मा डोळ्यांवर असतानाच हसत सुटले. हा माणूस मला दारू पाजतोय की विमा विकतोय, म्हणे. हसता हसता बोटाला लावलेली नाडीची क्लिप निसटली. मॅडम हसल्या नाहीत. आग्रहच खोटा असेल तर नकाराला काय अर्थ, म्हणाल्या.

मग माझ्याकडे बघितलं. उद्या तू बोलून बघ, तुझा आवाज बरा आहे.

माझा! बारावी नापास माणसाचा!

५ ऑक्टोबर, मंगळवार

जास्तीच्या गाद्या ठेवतात त्या खोलीत रेकॉर्डिंग केलं. गाद्यांमुळे आवाज घुमत नाही. मॅडमनी वाक्यं लिहून आणली होती. मी वाचली. एकही अक्षर चुकू दिलं नाही. मॅडम म्हणाल्या, वाईट. पुन्हा वाचली. आणखी वाईट.

तेव्हा त्यांनी माझ्या हातातला कागदच काढून घेतला. म्हणाल्या, रागावून पी म्हणणाऱ्याला कोणीही नाही म्हणेल. ज्याच्यावर तुझा जीव आहे त्याला काहीतरी भरवतोयस असं बोल.

मी डोळे मिटले. दादा दिसला. दुसरं कोण दिसणार! दादा पिऊन आला की घरात शिरत नाही. वहिनीसमोर जेवायला बसायची लाज वाटते, म्हणून जिन्यावर बसतो. मी ताट घेऊन बाहेर जातो. भात कालवून पुढे धरतो. तो मान फिरवतो, मी ताट फिरवतो. त्याला कसं वळवायचं हे मला पक्कं ठाऊक आहे. तसंच बोललो. ‘एवढंच घे. कोणी बघत नाहीये. माझ्यासाठी.’

मॅडमच्या कागदावरचं त्यात काहीच नव्हतं. सगळं जिन्यावरचं. फक्त ताटाच्या जागी ग्लास.

मॅडमनी कानावरचे हेडफोन काढले. मग म्हणाल्या, हेच ठेवू. कुठे शिकलास, असं विचारलं. मी म्हटलं, असंच.

७ ऑक्टोबर, गुरुवार

नवा आवाज लागला. मास्तर आज हसले नाहीत. घामाघूम झाले. चष्मा काढल्यावर पहिलं वाक्य — “कोण रे हा हरामखोर? फार गोड बोलतो.”

दुपारपर्यंत त्याचं नाव पडलं होतं. गोड्या! जेवताना सगळे गोड्याला शिव्या घालत होते. गोड्याची लाडीगोडी, गोड्याचा मुडदा, गोड्याला एकदा बाहेर गाठला पाहिजे. मीही सगळ्यांबरोबर हसलो. पाणी मागतानासुद्धा आवाज घोगरा काढला.

मॅडम खूष आहेत. मला मात्र कसंतरी होतंय. आयुष्यात एक थेंब घेतला नाही आणि दिवसभर माणसांना पी म्हणतोय.

जाता जाता — फाटकावरच्या पाटीवर ‘केंन्द्र’ लिहिलंय. एवढ्या शिकलेल्या लोकांत कोणालाच कसं खटकत नाही?

११ ऑक्टोबर, सोमवार

दादा पडता पडता वाचला.

दादा काचा बसवतो. उंच इमारतींना, बाहेरून, परांचीवर उभा राहून. आज कमरेच्या पट्ट्याचा हूक त्याने दोराला अडकवलाच नव्हता. पाय सरकला. शेजारच्या कारागिराने कॉलर धरली, म्हणून. ठेकेदाराने त्याला तिथल्या तिथे खाली उतरवलं. तोंडाचा वास सगळ्यांना आला होता. उपचार घे, तसा कागद आण, तोवर वर पाऊल ठेवायचं नाही, असं सांगून घरी पाठवलं. हे सगळं त्या कारागिरानेच सांगितलं. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

वहिनी ओरडली नाही. ओरडायची तेव्हा बरं होतं. भाजी चिरत होती, ती चिरत राहिली. कारागीर गेल्यावर म्हणाली, “भाऊजी, कॉलर फाटली असती तर?”

नंतर शर्ट बघितला. कॉलर अर्धी उसवलेली आहे.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

दादा आमच्याच केंद्रात यायला तयार झाला. सहजी नाही. धाकट्या भावाच्या नोकरीच्या जागी पेशंट म्हणून जायचं, लोक काय म्हणतील, तुझी किंमत काय राहील — हेच घोळवत होता. वहिनी मध्ये पडली. म्हणाली, भाऊजींची किंमत राहील, तू माणूस म्हणून राहायचं बघ. संध्याकाळी भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला, येतो. पण एक अट. मी खोलीत असायचं नाही.

मला कळतं. आईवडील गेले तेव्हा मी चौथीत होतो. तेव्हापासून शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही त्याची. माझा भांग पाडायचा तो, वाकडाच पाडायचा. बारावीत नापास झालो तेव्हा एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणून दिला. म्हणाला, तुझा हात बारीक आहे, हेच कर. त्याने हात थरथरत असताना माझ्यासमोर खुर्चीत बसायचं? मीही नाही बघू शकणार.

मॅडमना नातं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे त्याचं, नातेवाइकाने खोलीत बसायचंच नसतं. त्याच्या वेळेला चष्म्याच्या कॉम्प्युटरवर माझ्याऐवजी सिस्टर बसतील. सोमवारपासून.

त्याने आजही घेतली असणार. पण थोडी. सोमवारपर्यंत टिकला पाहिजे!

१६ ऑक्टोबर, शनिवार

भांडी घासताना लक्षात आलं. खोलीत मी नसेन. चष्म्यात असेन.

१८ ऑक्टोबर, सोमवार

मॅडमना सांगितलं नाही. काल दिवसभर ठरवत होतो, सकाळी केंद्राच्या दारापर्यंत ठरवत होतो. सांगितलं असतं तर त्यांनी थांबवलं असतं. नवा आवाज भरायचा, बसवायचा, दोन-तीन दिवस तरी गेले असते. दादाचं मन तेवढंसुद्धा कुठे थांबतंय! सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून त्याने मला दोनदा विचारलं होतं, आजच ना? आजच म्हटलं.

चष्मा मीच पुसून ठेवला. साबणाच्या पाण्याने. पहिल्या आठवड्यात मी स्पिरिटने पुसला होता. मोबाईलच्या दुकानात सगळं स्पिरिटनेच पुसायचो. त्या दिवशी एक पेशंट नाकाला वास लागल्याबरोबर रडायला लागला होता. तेव्हापासून बाटली कपाटात बंद आहे. चष्मा दोनदा हुंगून बघितला आणि सिस्टरच्या हातात दिला.

बाहेर बाकावर बसलो. सिस्टरना ऐकू यावं म्हणून आत स्पीकर चालू असतो. दाराला फट आहे. आधी गाणं लागलं. मग मी बोललो. म्हणजे गोड्या.

दादा गप्प.

गोड्या पुन्हा बोलला. दादा गप्प. सिस्टर म्हणाल्या, नको म्हणायचं दादा, मोठ्याने. मला वाटलं आता चष्मा काढून फेकेल. बाकाची कड घट्ट धरली. तिसऱ्यांदा ‘माझ्यासाठी’ म्हणून झालं, आणि मग इतका बारीक ‘नको’ आला की कोणा लहान मुलाचा वाटावा.

तलफ किती, असं सिस्टरनी विचारलं. एक ते दहात सांगायचं असतं. दहा, म्हणाला.

नंतर नळावर तोंड धूत होता. कपाळावर पट्ट्याचा वळ. मी टॉवेल दिला. टॉवेलकडे बघतच म्हणाला, “जिन्यावरचं आहे ना ते?”

मी मान हलवली. उद्याच काढायला लावतो, मॅडमना आत्ता सांगतो, असं काहीबाही बोललो. तो तोंड पुसत राहिला. तोंड केव्हाच कोरडं झालं होतं.

“राहू दे,” म्हणाला. “दुसरा कोणी असता तर मला काही वाटलंच नसतं.”

२१ ऑक्टोबर, गुरुवार

दादा रोज जातोय. सोमवारपासून एकदाही घेतली नाही. हात थरथरतात, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. सिस्टर सांगत होत्या, आता नको म्हणतो ते खणखणीत म्हणतो, ग्लास सारतो तोही झटक्यात. आकडा सहावर आलाय. सहा!

जेवताना मी म्हटलं, दादा, थोडा भात घे. “नको.” चटकन. मान वर न करता.

मग वहिनीने वाढला. तो खाल्ला.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

पांघरूण घे म्हटलं. नको.

छत्रीवाल्याकडून छत्री आणू का म्हटलं. नको.

माझ्याबरोबर चालत येतोस का म्हटलं. नको. मग चार पावलं मागून आला.

त्याला स्वतःला कळत नाहीये. चेहऱ्यावर राग नाही, काहीच नाही. हात गरम तव्याला लागला की मागे येतो तसं. पूर्वी माझ्या आवाजाने वळायचा. आता माझ्या आवाजाने बंद होतो.

पण पीत नाहीये. हे खाली रेघ मारून लिहितो. पीत नाहीये.

२४ ऑक्टोबर, रविवार

आवाज बदलून बघितला. जरा जाड काढला, तुटक बोललो. वहिनीने विचारलं, घसा बसलाय का, गुळण्या करा. मी हो म्हटलं. तिने खरंच मिठाचं पाणी करून दिलं आणि समोर उभी राहिली. करावं लागलं! दादा हसला. पुष्कळ दिवसांनी त्याचे दात दिसले.

मग मी वहिनीमार्फत बोलायला लागलो. वहिनी, दादाला विचारा चहा हवाय का. ती म्हणाली, तो काय परगावी आहे का? हातभर अंतरावर बसलाय. तुम्ही दोघं भांडलात का? आम्ही दोघंही एकदम नाही म्हणालो.

तिला गोड्याचं काही माहीत नाही. दादाने तिला सांगू नकोस म्हटलंय. जो लाजेने आपल्यासमोर जेवायला बसत नव्हता त्याला धाकटा बाहेर बसून भरवत होता, आणि तेच तिथे दारूसाठी वापरलं, हे ऐकून तिला काय वाटेल कोण जाणे.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

मॅडमना सांगितलं. सगळं. जिना, ताट, वाक्यं, भात.

त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. पेन खाली ठेवलं. हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं, म्हणाल्या. तू सांगायचं होतंस आणि मी विचारायचं होतं. मग म्हणाल्या, आपण त्याला तो आवाज आला की नाही म्हणायला शिकवतोय. मनाला ताट आणि ग्लास यातला फरक कळत नाही. आवाज तेवढा कळतो.

मी विचारलं, हे परत जुळेल का. त्या म्हणाल्या, बहुतेक. वेळ लागेल. खात्री देत नाही.

उद्यापासून दादासाठी वेगळा आवाज. आणि मला ताकीद — ती वाक्यं या खोलीबाहेर, त्याच्यापुढे, कधीही उच्चारायची नाहीत. गमतीतसुद्धा नाही.

ताकीद कशाला हवी होती!

२८ ऑक्टोबर, गुरुवार

वॉचमनचा आवाज भरला. तो आग्रह करतो तो गाडी काढ म्हटल्यासारखा. दादा वाक्य पुरं व्हायच्या आत नको म्हणतो. आकडा दोन. सिस्टर म्हणाल्या, छान. मॅडम छान म्हणाल्या नाहीत. सोपं जातंय त्याला, एवढंच.

पण गोळ्या नियमित, रक्ताची तपासणी चांगली, वजन वाढलंय. मॅडम आणि डॉक्टरांनी कागद दिला. कामावर जाऊ शकतो, दर आठवड्याला इथे यायचं. दादाने कागद घडी न घालता घरी आणला. वहिनीने वाचला, परत वाचला आणि आत निघून गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, पण भांडं एकही वाजलं नाही.

मी दादाला म्हटलं, छान झालं. त्याने मान हलवली. नको म्हणण्यासारखं काही नव्हतं त्यात.

१ नोव्हेंबर, सोमवार

दादा कामावर! ठेकेदाराने दुपारपर्यंत खाली काच कापायला लावली. मग वर पाठवलं. हूक अडकवला का, हे खालून तिघांनी ओरडून विचारलं, असं तो वहिनीला सांगत होता. मी दाराआडून ऐकत होतो. मी पुढे गेलो की तो आखडतो.

आज वहिनीने नवी कॉलर शिवली त्या शर्टाला.

४ नोव्हेंबर, गुरुवार

इमारतीचं काम संपलं. शनिवारी ठेकेदार सगळ्या कारागिरांना जेवण देणार आहे, वरच्याच मजल्यावर, नव्या काचांच्या आत. जेवण म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. दादा जाणार आहे.

वहिनीने नको जाऊ म्हणून विनवलं. दादा शांतपणे म्हणाला, ज्यांच्याबरोबर दोरावर लटकायचं त्यांच्याबरोबर जेवायचं नाही तर काम तरी कसं करू? ज्याने कॉलर धरली तोही तिथे असणार आहे. त्याला काय सांगू?

वहिनीने माझ्याकडे बघितलं. तुम्ही बोला ना भाऊजी, तुमचं तो ऐकतो.

ऐकतो! मी काय बोलणार होतो? गोड बोलून, समजावून, हात धरून — जे काही बोललो असतो ते त्या आवाजातच बोललो असतो. मी जाऊ नको म्हटलं असतं तर त्यालाही तो नाहीच म्हणाला असता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अडवायची वेळ आली आणि माझ्यापाशी अडवायला काही उरलेलं नाही.

वहिनीला म्हटलं, घसा बसलाय.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, कधीतरी जावंच लागणार होतं. अवघड वाटलं तर ज्याच्याशी बोलून धीर येतो त्याला फोन कर, असं त्याला सांगितलंय. मी म्हटलं, वहिनीला करेल.

घरी आल्यावर वहिनीचा फोन चार्जिंगला लावला. पिन नीट बसते का, ते हलवून बघितलं.

६ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी फोन वाजला. वहिनीचा नाही, माझा.

मागे हसणं, खुर्च्या ओढल्याचे आवाज, कोणीतरी दादाचं नाव घेऊन हाका मारत होतं. दादा म्हणाला, “बारक्या, तेवढं म्हण.”

वहिनी समोर उभी होती. मी तिच्याकडे बघतच म्हटलं. जिन्यावर म्हणायचो तसंच, हातचं काही न राखता. एवढंच घे. कोणी बघत नाहीये. माझ्यासाठी.

पलीकडे नुसता गलका. मग “नको” — मोठ्याने, तिथल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. गलका थांबला.

मग मला, हळू — “जेवायला थांब. येतोय.”